बोटीवरच्या झोपायच्या फळीसाठी गादी घेण्याआधी

रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर आमच्या दुकानापासून जवळ. त्यामुळे घरच्या गाद्यांबरोबर बोटींचीही कामं येतात. नाखवा (बोटीचा मालक) नाहीतर तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) येतो आणि बहुतेक वेळा मागणी एकच असते: “पोरांना झोपायला जरा मऊ, जाड काहीतरी द्या.” मऊ आणि जाड गादी आम्ही आनंदाने विकू. पण चार-पाच दिवसांच्या फेरीत ती दुसऱ्या रात्रीच चिकट लागायला लागते. मग खलाशी ती गुंडाळून पायाशी सारतो आणि उघड्या फळीवर चटई टाकून झोपतो. असे पैसे पाण्यात गेलेले बरेचदा पाहिले, म्हणून हे पत्रक छापलं. बोटीवर आधी कोरडेपणा बघा, मऊपणा त्याच्यानंतर.

आधी मिठाचं बघू

आषाढात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते सगळ्यांनी पाहिलंय. गादीत तेच होतं. समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी उन्हात वाळली तरी पाणीच तेवढं जातं, मीठ आतच राहतं. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतली ओल ओढायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्या कितीतरी आधीच ओढतात. म्हणून दिवसभर टपावर, म्हणजे केबिनच्या छतावर, तापवलेली गादी रात्री पुन्हा ओलसर लागते. नुसतं ऊन दाखवून हे जात नाही. गोड्या पाण्याने खळाळून मीठ काढावं लागतं, आणि त्यासाठी गादी धुता येईल अशीच हवी. पुढचं सगळं यावरून ठरतं.

आत काय भरायचं

कापसाची गादी घरात राजाच. बोटीवर मात्र ती पाणी धरून ठेवते, गोळे होतात आणि एकदा खारं पाणी आत गेलं की उसवून, पिंजून, नव्याने भरल्याशिवाय गत्यंतर नाही. आमचा मूळ धंदा कापसाचाच, तरी बोटीसाठी मागितली तर आम्ही नको म्हणतो.

काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. आपल्याकडे सुंभ त्याचाच वळतात. रबर लावलेल्या काथ्याच्या गादीतून हवा खेळते, पाठीलाही ती बरी. दोन अडचणी आहेत. ती दुमडत नाही, त्यामुळे केबिनच्या दारातून आत जाईल का ते आधी बघावं लागतं. दुसरी अडचण डिझेलची: ते नैसर्गिक रबर फुगवतं आणि खातं. इंजिनाला लागून असलेल्या फळीवर काथ्या टाकू नका.

फोमला आमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी आहे, आणि फसवणूकही त्यातच जास्त. फोमचा आकडा, म्हणजे ३२ डेन्सिटी किंवा ४० डेन्सिटी, हे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. तो दाबून कळत नाही, तराजूवर कळतो. ६ फूट लांब, २ फूट रुंद, ४ इंच जाड तुकडा म्हणजे ४ घनफूट. तो ४० चा असेल तर साडेचार किलोच्या आसपास भरेल, ३२ चा असेल तर साधारण ३ किलो ६०० ग्रॅम. दुकान आमचं असो वा दुसऱ्याचं, कव्हर घालण्याआधी तुकडा काट्यावर ठेवायला सांगा. रोज माणूस झोपणार असेल तर ४० च घ्या. ३२ चा तुकडा एका हंगामात कमरेखाली बसतो आणि फळी टोचायला लागते.

साधा फोम म्हणजे शेवटी स्पंज. पाणी आत आलं तर तो ते पितोच. दाराजवळच्या किंवा उघड्यावरच्या फळीसाठी बंद छिद्रांचा, म्हणजे ईपीई फोम दीड-दोन इंच घ्या. अंगाला टणक लागतो, पण पाणी पीत नाही आणि फडक्याने पुसला की झालं.

उशीसाठी जुना शेवरीचा कापूस मिळाला तर सोडू नका. त्याच्या पोकळ धाग्यावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो सहज भिजत नाही. पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये हाच भरत. (म्हणून उशी धरून कोणी पाण्यात उतरू नये, जॅकेट ते जॅकेटच.) तो पेट मात्र चटकन घेतो. फोमचंही तसंच, आणि जळत्या फोमचा धूर बंद केबिनमध्ये आगीपेक्षा आधी जीव घेतो. गॅसची शेगडी आणि गादी यांच्यात भिंत असू द्या. गादीवर बसून विडी ओढायची नाही, हे तांडेलाने सांगायचं.

जाडी आणि कड

फळीच्या मोकळ्या बाजूला सहा-आठ इंचांची उभी पट्टी असते, ती माणूस हलत्या बोटीत खाली पडू नये म्हणून. सहा इंचांच्या कडेत सहा इंचांची गादी घातली की ती कड असून नसल्यासारखी. चार इंच पुरतात. वरच्या फळीचं अंतरही मोजा: बसल्यावर डोक्यासाठी गादीपासून तीन फूट तरी लागतात, नाहीतर मध्यरात्री जाळं ओढायला उठवलं की पहिला टोला कपाळाला.

रुंदीचा हव्यास धरू नका. २२ ते २४ इंचांत माणूस दोन्हीकडून टेकलेला राहतो. घरातल्यासारखी ऐसपैस फळी केली तर बोट डोलताना तो रात्रभर इकडून तिकडे लोळतो.

गादीच्या खाली

हे कोणी विचारत नाही, आणि निम्म्या गाद्या इथेच कुजतात. अंगाची ऊब आणि घाम गादीतून खाली उतरतो आणि थंड प्लायवूडवर त्याचं पाणी होतं. आठवड्याने गादी उचलली की खाली काळी बुरशी. प्लायला वीतभर अंतराने इंचाची भोकं पाडा, किंवा अख्ख्या फळीऐवजी बोटभर फट ठेवून पट्ट्या मारा. काहीच जमत नसेल तर मधे काथ्याची चटई टाका. दाराबाहेर पायपुसण्याला वापरतात तीच, लांब तुकड्यात मिळते. आमच्या मते सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

कव्हर

सगळीकडून रेक्झिन लावलं की पाणी आत जात नाही, पण घामही बाहेर जात नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये पाठ चिकटते. आम्ही तळाला व बाजूंना रेक्झिन आणि वर जाडसर सुती-पॉलिएस्टर कापड लावतो. एका बाजूला मच्छरदाणीच्या जाळीची चार बोटं रुंद पट्टी शिवतो. माणूस गादीवर बसला की फोममधली हवा तिथून निघते. ती पट्टी नसेल तर हवा शिवणीतून वाट काढते आणि शिवण उसवते.

दोरा पॉलिएस्टरचा हवा, सुती कुजतो. चेन जाड प्लास्टिकच्या दातांची घ्या. लोखंडी गंजून अडकते, मग कव्हर धुवायला निघत नाही आणि धुता येणारी गादी घेऊन उपयोग शून्य.

माप

नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडची, फळी निमुळती असते आणि बोटीची बाजू वर जाताना बाहेर झुकते. म्हणून गादीचा तळ आणि माथा सारख्या मापाचे नसतात. तळाशी २० इंच असेल तर चार इंच वर २२ भरू शकते. टेपने लिहून आणलेलं माप आम्ही घेत नाही. खोक्याचा पुठ्ठा फळीवर ठेवून कापून आणा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात “वरची बाजू” लिहा. एकदा खूण नसलेला पुठ्ठा आम्ही उलटा धरला आणि डावीची गादी उजवीची झाली. चूक आमची, गादी फुकट करून दिली. ती जुनी अजून माळ्यावर आहे, दुकानातलं मांजर तिच्यावर झोपतं.

दाराची रुंदीही मोजून आणा. अख्खी गादी जात नसेल तर दोन तुकडे करतो, पण सांधा गुडघ्याखाली येऊ द्या. कमरेखालचा सांधा दुसऱ्या रात्री कळतो.

पांघरूण आणि निगा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा सुटला की बोटीवर हुडहुडी भरते. गोधडी, सोलापुरी चादर ऊबदार खरी, पण भिजली की उचलवत नाही आणि दोन दिवस वाळत नाही. बोटीवर पॉलिएस्टरचं पातळ ब्लँकेट न्या, एकाऐवजी दोन. अंगाखाली मात्र सुती चादरच हवी.

फेरी संपली की कव्हर काढून गोड्या पाण्यात खळाळा आणि उन्हात टाका. फोम सावलीत, वाऱ्यावर उभा करा. उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. ढेकूण शिवणीत लपतात: कव्हर उलटं करून शिवणी बघा, काळे ठिपके दिसले तर उकळत्या पाण्यात टाका. रेक्झिन असेल तर उकळू नका, शिवणीवरून वाफेची इस्त्री फिरवा.

पावसात बोट शाकारताना गाद्या आत ठेवू नका. घरी न्या, आडव्या रचू नका, उभ्या ठेवा.

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की सगळ्या बोटी एकदम वर येतात आणि आमच्याकडे गर्दी होते. नारळी पौर्णिमेआधी हवी असेल तर पुठ्ठा जूनमध्येच आणून द्या. एका फळीला कापणं, शिवणं धरून दोन दिवस लागतात, पावसात रेक्झिन ताठ झालं तर तीन.