स्वमग्नतेची लक्षणे आणि मुलाच्या विकासाची पातळी : पार्श्वभूमी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा स्वमग्नतेला (ऑटिझमला) ओळख मिळाली आणि सोबत एक गैरसमजही रुजला. त्यांच्यातील डोनाल्डला अगदी लहान वयात बायबलमधील तेविसावे स्तोत्र पाठ होते, मात्र स्वतःविषयी बोलताना तो ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणे. लाकडी पाटीच्या खाचांत गोल, चौकोनी ठोकळे बसवण्याची चाचणी ही मुले चांगली करत. त्यावरून आणि त्यांच्या स्मरणशक्तीवरून कॅनर यांनी, त्यांची बुद्धी मुळात शाबूत असून ती केवळ झाकली गेली आहे, असे मानले. वास्तविक त्या 11 पैकी 3 मुले बोलतच नव्हती.

पुढे लंडनमध्ये बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी अशा मुलांच्या केलेल्या पाठपुराव्यात दिसले, की बुद्ध्यंक बराच स्थिर राहतो आणि मूल पुढे किती स्वावलंबी होईल याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या संशोधकांनी 1979 च्या अभ्यासात केवळ दवाखान्यात आलेली मुले न घेता लंडनच्या कँबरवेल परिसरातील विशेष गरजा असलेली मुले तपासली, तेव्हा सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी कॅनर यांच्या चौकटीबाहेरच्या, विशेषतः बौद्धिक अक्षमता असलेल्या, कितीतरी मुलांत आढळल्या. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच आहे.

कारण त्यानंतर अवघड प्रश्न उभा राहिला, की मुलातील उणीव स्वमग्नतेची आहे की एकूण विकासच मागे असल्याची : चार वर्षांचे मूल विकासात दीड वर्षाच्या पातळीवर असेल, तर ते गोष्टी का सांगत नाही, हे विचारण्यात अर्थ नाही, पण आकाशातले विमान बोटाने दाखवून ते आईच्या चेहऱ्याकडे वळून बघते का, हे विचारायलाच हवे, कारण एरवी दीड वर्षाचे मूल तेवढे करते. म्हणूनच स्वमग्नता ओळखण्यासाठीच्या एडॉस (ADOS) या निरीक्षण-चाचणीत मुलाच्या बोलण्याच्या पातळीनुसार वेगवेगळे भाग आहेत, आणि 2009 मध्ये वय व भाषेचा प्रभाव कमी करणारी तीव्रतेची गुणपद्धतीही आली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेने तर, सामाजिक संवाद मुलाच्या एकूण विकासाच्या मानाने कमी असला पाहिजे, अशी अटच घातली आणि बौद्धिक अक्षमता सोबत आहे की नाही, हे वेगळे नोंदवायला सांगितले.

मराठीतला ‘स्वमग्न’ हा शब्द, आपल्यातच रमलेले मूल डोळ्यांसमोर आणून, ही विकासाची बाजू काहीसा झाकतो. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मात्र नोकरीतील आरक्षणाच्या कलमात स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे.