स्वर्ग वेगळा, मोक्ष वेगळा: गेलेल्या कुत्र्यामांजरांसाठी आपण नेमके काय मागतो?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा कुत्रा गेल्याची बातमी येते आणि खाली हमखास एक ओळ पडते: 'ब्रुनोला मोक्ष मिळो. तो वर तुमची वाट बघत असेल.' पार्ल्यापासून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या, म्हणजे जनावरांच्या दवाखान्याच्या आवारापर्यंत हेच ऐकू येते. लिहिणाऱ्याच्या मनात मायाच असते, म्हणून इतकी वर्षे कुणी हटकले नाही. पण ही दोन वाक्ये एकत्र नांदत नाहीत. ज्याला मोक्ष मिळाला तो कुणाची वाट बघत नाही, आणि जो वाट बघतोय त्याला मोक्ष मिळालेला नाही.

स्वर्गाबद्दल फार सांगायला नको. पुण्य साठले की तिथे जायचे, सुख भोगायचे, पुण्य सरले की परत यायचे. गीतेच्या ९व्या अध्यायात हे स्वच्छ सांगितले आहे: 'क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति'. मुंबईकराला लीव्ह अँड लायसन्सच्या भाषेत पटकन कळेल: करार संपला की जागा सोडायची. सद्गती, उत्तम लोक वगैरे शब्द साधारण याच बाजूचे. त्यांचे बारकावे इथे सोडून देऊ.

घोळ सगळा मोक्षाचा आहे. आपण मोक्षाला स्वर्गाचा वरचा मजला समजतो, आणखी चांगली आणि कायमची जागा. मोक्ष ही जागाच नव्हे. जन्ममरणाचा फेरा थांबणे म्हणजे मोक्ष. फेरा चालतो वासनेवर, ओढीवर, 'माझे' या भावनेवर. ती ओढ संपल्याशिवाय सुटका नाही. आता दाराशी चप्पल वाजली की शेपूट हलवणारा, तुम्ही गावाला गेलात की अन्न न खाणारा तो जीव आठवा. त्याची तुमच्यावरची ओढ संपावी, 'हा माझा माणूस' हे त्याच्या लेखी उरू नये, असे मागणे म्हणजे त्याच्यासाठी मोक्ष मागणे. मागणे मोठे आहे, उदात्तही आहे. पण त्यात पुनर्भेट नाही, ओळखणे नाही, अंगावर झेप घेणे नाही. अद्वैताच्या वाटेने गेलात तर भेटणारे दोघे वेगळे उरतच नाहीत.

पाळीव प्राणी आणि मरणोत्तर गती हा प्रश्न भागवताच्या ५व्या स्कंधाइतका थेट कुणी हाताळलेला मला ठाऊक नाही. राजा भरत राज्य सोडून गंडकीकाठी तप करत होता. सिंहाच्या डरकाळीने भ्यायलेली गाभण हरिणी पाण्यावरून झेपावली, पाडस प्रवाहात पडले आणि ती मेली. भरताने पाडस वाचवले, वाढवले. पुढे त्याची संध्या सुटली, जप सुटला. पाडस दिसले नाही की जीव कासावीस व्हायचा. मरतानाही डोळ्यांसमोर हरीणच होते, आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. त्यानंतरच्या जडभरताच्या जन्मात तो सुटला. म्हणजे माया दोघांना एका फेऱ्यात ठेवते, फेऱ्याबाहेर काढत नाही. ही गोष्ट कीर्तनात 'पाळीव प्राण्यांचा लळा लावू नका' म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. बुडणाऱ्या पाडसाला उचलणे हा दोष नव्हता. ग्रंथाने भरतावर राग धरलेला नाही. हरणाच्या जन्मातही त्याची आठवण शाबूत ठेवली.

जाणकार इथे गजेंद्रमोक्ष, म्हणजे मगरीच्या तावडीतून विष्णूने सोडवलेल्या हत्तीची भागवतातली कथा, पुढे करतील, आणि ते योग्यच आहे. भक्तिमार्गात सलोकता, समीपता, सरूपता अशा मुक्ती मानल्या आहेत. त्यांत भक्त देवाजवळ राहतो, म्हणजे काहीतरी 'तिथे' उरते. शिवाय गजेंद्र हा हत्ती होता, तेव्हा पशूला मुक्ती नाही असेही म्हणता येत नाही. पण तिथेही तोंड देवाकडे आहे. मागे राहिलेल्या कळपासाठी गजेंद्र वैकुंठाच्या दारात थांबल्याचे भागवत सांगत नाही.

मग युधिष्ठिराचा कुत्रा? हा दाखला दर वेळी येतो आणि दर वेळी अर्धाच येतो. 'महाभारतात कुत्रा स्वर्गात गेला', असे ठोकून देतात. इंद्राचे शब्द उलटे आहेत: 'स्वर्गे लोके श्ववतां नास्ति धिष्ण्यम्', कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढायला नकार देतो आणि मग तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म असल्याचे उघड होते. कुत्रा म्हणून कुणीच आत गेले नाही. प्रसंगाचे मोल त्या नकारात आहे: सोबत आलेल्या जीवाला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको होता. मोक्षाचा तर तिथे विषयच नाही.

हा फरक सर्वांत नीटस जैन शेजाऱ्यांनी ठेवला आहे. त्यांच्या मते तिर्यंच, म्हणजे पशुपक्षी, देवगतीला जाऊ शकतात. मोक्ष मात्र मनुष्यजन्मातूनच. बौद्ध कथेत सिद्धार्थाचा घोडा कंथक विरहाने मरतो आणि देवलोकात जन्मतो. तोही स्वर्गच, निर्वाण नव्हे.

मग 'वाट बघणे' आले कुठून? माझ्या मते रेनबो ब्रिजच्या पोस्टमधून. स्कॉटलंडमधल्या एका तरुणीने आपला लॅब्रडॉर गेल्यावर १९५९ साली तो मजकूर लिहिला: पुलाअलीकडच्या कुरणात प्राणी थांबतात, मालक आला की दोघे मिळून पूल ओलांडतात. रडू यावे असाच तो मजकूर आहे. पण त्यातले कुरण ना आपला स्वर्ग, ना मोक्ष, आणि आपण ते सरळ मोक्षाला चिकटवले. मेल्यावर आत्म्याने ओलांडायचा पारशांचा चिन्वत पूल आणखी वेगळा. त्यावर कुत्रे राखणीला असतात, आणि ऋग्वेदातल्या यमाच्या वाटेवरही दोन कुत्रे आहेत. (याच मुंबईत १८३२ साली इंग्रजांच्या भटके कुत्रे मारण्याविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले होते.) ख्रिस्ती स्वर्ग कायमचा, त्यामुळे तिथला वाद निराळा. फक्त २०१४ची 'पोप म्हणाले, प्राणी स्वर्गात जातात' ही बातमी कृपा करून पुढे पाठवू नका. ते वाक्य त्यांनी तेव्हा उच्चारलेच नव्हते, हे लगेच सिद्ध झाले होते.

एका गोष्टीचा मात्र मला संताप येतो. नुकते मांजर गमावलेल्या माणसाला 'पशुयोनी म्हणजे मागल्या पापाचे फळ, सुटले बिचारे' असे ऐकवतात. त्याच परंपरेचा पुढचा भाग का गिळता? पशुयोनी ही भोगयोनी, म्हणजे मागले कर्म नुसते भोगायचा जन्म, मानली आहे, नवे पापपुण्य मनुष्यजन्मात जमते. म्हणजे तुमच्या मांजराने मारलेल्या उंदराचा, कुत्र्याने पोस्टमनला घेतलेल्या चाव्याचा हिशेब त्याच्या नावावर चढत नाही. धीर द्यायचा तर हे सांगा.

आणि पुन्हा भेटच हवी असेल तर ती मागायला लाजू नका. मोक्षापेक्षा ते मागणे हलके ठरत नाही. 'न लगे मुक्ति आणि संपदा, संतसंग देई सदा' म्हणत तुकोबांनी गर्भवास सुखाने पत्करला. त्यांना हवा होता तो संतांचा संग, हे खरे. पण मुक्तीपेक्षा सोबत मोठी मानण्याची रीत आपल्या घरात आहे. म्हणून 'पुढच्या जन्मी पुन्हा तुमच्याच घरी येवो' हे वाक्य मला सर्वांत चोख वाटते. त्यात माया आहे आणि विसंगती नाही.

विधींचे म्हणाल, तर मालाडला २०२३पासून महापालिकेची लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे, तिथे निरोप द्यावा. पिंडदानाच्या खटाटोपात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. श्राद्धाच्या दिवशी काकबळी, गोग्रासाबरोबर कुत्र्याचाही घास काढतात आणि यमाच्या श्याम-शबल या कुत्र्यांचे नाव घेतात. तो घास गच्चीवर न ठेवता गल्लीतल्या कुत्र्यांपर्यंत न्यावा. खीर द्यायची नाही, कारण तिच्यात बहुधा मनुका असतात आणि मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. साधा दहीभात पुरतो.