काजूच्या भावावर जगणारा देश: गिनी-बिसाऊ

सिंधुदुर्गात काजू बीचा भाव पडला की बागायतदार पहिली शिवी आफ्रिकेतून येणाऱ्या बीला घालतो, आणि त्याचं काही चूक नाही. पण ही बी जिथून येते त्यातला एक देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला गिनी-बिसाऊ, आणि तिथे भाव पडला तर नुसता बागेचा हिशोब बिघडत नाही, घरात शिजणारा भातच कमी होतो.

देश केरळपेक्षा थोडा लहान, लोकसंख्या २० लाखांच्या जरा वर, त्यातले निम्मे विशीच्या आतले. १९७४ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. निर्यातीतून येणाऱ्या पैशातला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कच्च्या काजू बीचा, म्हणजे बोंडू (काजूचं फळ) पडला, बी काढली, वाळवली, पोत्यात भरली आणि बोटीवर चढवली, बस्स. फोडायचं काम भारतात नाहीतर व्हिएतनाममध्ये. टरफलातल्या तेलाने हात कसे सोलून निघतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे बी भाजायला-वाफवायला, फोडायला, साल काढायला कारखाना, वीज आणि सरावाचे हात लागतात, आणि जिथे विजेचाच पत्ता नसतो तिथे कोण कारखाना टाकणार? चार-पाच किलो बीमागे किलोभर गर निघतो आणि खरी कमाई त्या गरात आहे, ती दुसऱ्यांच्या खिशात जाते.

हंगाम साधारण मार्च ते जून. पोरंसोरं, म्हातारे सगळे बागेत, बायका बोंडूचा रस आंबवून त्याची दारू विकतात, आणि बी बऱ्याच ठिकाणी पैशात नाही तर थेट तांदळात बदलली जाते. बऱ्या वर्षी किलोला किलो. भाव पडला की त्याच किलोभर तांदळासाठी दोन-तीन किलो बी मोजायची. आता गंमत (गंमत कसली) अशी की हे लोक मुळात पक्के भातवाले. खारफुटीत बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि आत भात पिकवायचा, आपल्या खाजणासारखंच, तिथल्या बालांता जमातीच्या लोकांचा यात हातखंडा. पण बांध दरवर्षी दुरुस्त करावा लागतो, त्याला माणसं लागतात. काजूचं झाड लावलं की फार काही करावं लागत नाही. मग काय, काजू वाढला आणि तांदूळ बोटीने यायला लागला.

२००६ मध्ये सरकारने शेतकऱ्याचं भलं करायला म्हणून भाव चढा ठरवला, व्यापाऱ्यांनी खरेदीच रोखली, आणि शेतकऱ्याला शेवटी मिळेल त्या भावात बी द्यावी लागली. २०२० मध्ये कोविडमुळे परदेशी खरेदीदार वेळेवर पोचलेच नाहीत, पुन्हा तेच. एकाच पिकावर देश टांगायचा धोका तिथे कुणाला कळत नव्हता असंही नाही. स्वातंत्र्यलढ्याचा नेता अमिल्कार काब्राल हा स्वतः शेतीतज्ज्ञ, १९५३ ची शेतीची पाहणी त्यानेच केली होती, आणि तेव्हाच्या भुईमुगाच्या एकपिकी शेतीने जमिनीची कशी वाट लागते यावर त्याने लिहिलंय. १९७३ मध्ये त्याचा खून झाला.

काजूचा पैसा संपत येतो नेमका पावसाळ्यात, घरातलं धान्य आटतं, आणि मलेरियाचा जोरही पावसात आणि त्याच्या मागोमागच. त्यामुळे मुलं दगावतात ती उपाशी असल्यामुळे असं कुणालाही वाटेल. राजधानी बिसाऊच्या बांदीम वस्तीत १९७८ पासून घरोघर जाऊन मुलांची नोंद ठेवतात, पीटर आबी या डॅनिश मानववंशशास्त्रज्ञाने ते सुरू केलं. तो गेला होता कुपोषणाचा शोध घ्यायला. १९७९ मध्ये गोवराची साथ आली आणि नोंदी बघितल्यावर दिसलं की कुपोषित मुलंच जास्त मेली असं काही नाही, ज्या घरात दाटीवाटी होती आणि भावंडाकडून गोवर लागला तिथली मुलं जास्त गेली. त्याचं म्हणणं असं की एकाच खोलीत रात्रंदिवस राहिल्यावर विषाणूचा डोसच मोठा मिळतो. पुढे याच नोंदींवरून त्याने मांडलं की गोवराची लस गोवराखेरीज इतर मृत्यूही कमी करते. हे सगळ्यांना पटलेलं नाही, आकडेमोडीवर जोरदार वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत.

मला स्वतःला तिथली एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बीसीजीच्या (क्षयावरच्या लसीच्या) एका बाटलीत २० डोस असतात, गोवराच्या बाटलीत १०, आणि बाटली उघडली की सहा तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून खेड्यातली नर्स काय करते, आधी बाळं मोजते. पुरेशी जमली नाहीत तर बाटली उघडायचीच नाही, चालत आलेल्या बाईला सांगायचं, पुढच्या वेळी या. ती परत येईलच असं नाही, शेतात काजू पडलेला असतो. बांदीमच्या नोंदी ठेवणाऱ्या संशोधकांनीच हिशोब करून दाखवला की एका मुलासाठी गोवराची बाटली उघडून बाकीचे डोस वाया घालवले तरी तो खर्च परवडतो.