बोटाची कातडी आणि बोटाची नस

कडबाकुट्टीत किंवा प्रेस मशीनखाली बोटाचं टोक गेलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जखम भरेल ना?’ जखम भरते. पण त्या बोटाला पुन्हा स्पर्श कळेल का, हे सहसा कोणी विचारत नाही. आणि शस्त्रक्रियेलाही त्याचं उत्तर सापडायला फार उशीर लागला.

कातडी फिरवून लावायची विद्या आपल्याकडे जुनीच. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून घडवलं, ती हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. बोटांसाठी १९५० च्या सुमारास शेजारच्या बोटाच्या पाठीची कातडी घेऊ लागले. दोन्ही बोटं दोन-तीन आठवडे एकमेकांना शिवलेली राहत. बोट झाकलं जाई, पण स्पर्श यायचा तो उशिरा आणि अपुरा.

नस, म्हणजे स्पर्शाची खबर मेंदूकडे नेणारा मज्जातंतू, कापली की तिचा पुढचा भाग मरतो, हे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्येच दाखवलं होतं. नवे तंतू मागच्या टोकाकडून फुटतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतात. ते कुठवर आले हे कळायला नसेवर बोटाने हलकेच टिचकी मारतात. जिथे मुंग्या येतात, तिथवर ते पोचलेले. ही खूण पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मनीचे हॉफमन आणि फ्रान्सचे टिनेल या दोघांनी आपापली नोंदवली. दोघे शत्रूपक्षातले, पण दोघांसमोर त्याच जखमा!

हाताच्या शस्त्रक्रिया करणारे स्वीडनचे डॉक्टर एरिक मोबर्ग यांच्या लेखी बधिर हात म्हणजे आंधळा हात. पेपरक्लिप सरळ करून तिची दोन टोकं ते रुग्णाच्या बोटावर टेकवत. रुग्णाने न बघता सांगायचं: एक की दोन? धडधाकट बोटाला तीन ते पाच मिलिमीटर अंतरावरही दोन टोकं वेगळी कळतात. इतक्या साध्या साधनाने शस्त्रक्रियेचा खरा निकाल कळू लागला.

मग अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या कडेची कातडी, तिच्या रक्तवाहिनी आणि नसेसकट, अंगठ्यावर आणायची पद्धत आली. अंगठ्याला हात लावावा तर रुग्ण म्हणे, अनामिकेला लावलात! मेंदूच्या हिशोबी ती नस जुन्याच बोटाची होती.

मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी १९७४ साली मांडलेला उपाय मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. टोक गेलेल्या बोटाच्याच पाठीकडच्या कडेची कातडी, तिच्या नसेसकट, टोकावर आणायची. दुसऱ्या बोटाकडून काही घ्यायचं नाही आणि स्पर्शाचा पत्ताही चुकत नाही.

तोवर मायक्रोस्कोपही ऑपरेशनच्या टेबलावर आला होता. केसाहून बारीक धाग्याने नस शिवता येऊ लागली. व्हिएन्नाच्या हान्नो मिलेसी यांनी ती ताणून शिवू नका, तुटवडा असेल तर मध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा जोडा, हे पटवून दिलं. टाके निघाल्यावर पुढे कित्येक महिने शिकवणी चालते ती बोटाची: डोळे मिटून वाटीतले तांदूळ कुठले, मटकी कुठली आणि शर्टाचं बटण कुठलं, ते ओळखायचं.