उलट्या दिशेनं निघालेलं विष

पावसाळा लागला की मुंबईत ‘पाणी उकळून प्या’ सुरू होतं. गॅस्ट्रोचे रुग्ण वाढतात, त्यात अधूनमधून कॉलराही डोकं वर काढतो. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची लस मुंबईकरांना माहीत असते. पण त्याआधी, १८९२ साली, त्यांनी पॅरिसमध्ये स्वतः बनवलेली कॉलऱ्याची लस स्वतःलाच टोचून घेतली होती. तोवर जंतू सापडला होता. तो माणसाला इतका झटपट कोरडा कसा करतो, हे कोडंच होतं.

त्याला वाट फुटली १९५९ साली. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी जंतू वाढवलेल्या द्रवातून सगळे जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव सशाच्या आतड्याच्या दोन्हीकडून बांधलेल्या भागात सोडला. जंतू औषधालाही नव्हता, तरी तो भाग पाण्यानं टम्म फुगला. करामत विषाची होती. इतका साधा आणि इतका नेमका प्रयोग विरळाच.

कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या पेशीत शिरतच नाही. तो बाहेर चिकटून बसतो. आत जातं ते त्यानं सोडलेलं प्रथिन. या प्रथिनाच्या खाली पाच ‘बी’ घटकांचं कडं असतं आणि त्यावर खरा घातक ‘ए’ भाग. कडं पेशीपटलावरच्या जीएम-१ नावाच्या शर्करायुक्त मेदाला घट्ट धरतं. पेशी आपलं पटल आत ओढून घेते, तेव्हा विषही आत जातं.

पण अजून ते त्या ओढलेल्या पटलाच्या पुडीतच असतं. पेशीत तयार होणारी कितीतरी प्रथिनं अंतर्द्रव्य जालिकेतून (प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यातून) गॉल्जीत, म्हणजे पेशीच्या टपाल कचेरीत, आणि तिथून पटलाकडे जातात. विष नेमकं उलटं जातं, सकाळी सगळे चर्चगेटकडे निघालेले असताना विरारची गाडी पकडणाऱ्यासारखं. ही उलटी वाहतूक पेशीचीच असते, विष फक्त तिचा फायदा घेतं. त्याच्या शेपटाला केडीईएल हा चार अमिनो आम्लांचा पत्ता असतो, ‘जालिकेत परत पाठवा’ असं सांगणारा. गंमत म्हणजे पत्ता काढून टाकला तरी विष पोचतं, फक्त कमी प्रमाणात. जीएम-१ त्याला तिथवर नेतोच.

जालिकेत पेशीचंच एक एन्झाइम ‘ए’चा घातक तुकडा सोडवून उलगडतं. उलगडलेलं प्रथिन म्हणजे बिघडलेला माल, असं समजून पेशी ते जालिकेबाहेरच्या पेशीद्रवात फेकते. अशा मालाची तिथं विल्हेवाट लागायची असते. मोडीत काढायच्या प्रथिनावर खूण चिकटते ती बहुधा लायसिन या अमिनो आम्लावर, आणि या तुकड्यात लायसिन फारच कमी. तो निसटतो, पुन्हा घडी घालून कामाला लागतो. चिकटण्यापासून इथवर साधारण अर्धा ते एक तास.

काम एकच: पेशीत निरोप पोचवणाऱ्या जीएस या प्रथिनाला रासायनिक शेपूट जोडून त्याचा खटका चालू स्थितीत अडकवणं. मग सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइडच्या वाटा उघड्या राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी आतड्यात ओतलं जातं. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात. गंभीर रुग्णात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारी वाट मात्र विष बंद करत नाही. ओआरएस चालतं ते त्यामुळेच. अडकलेला खटका सुटत नाही, पण आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं आणि बिघडलेल्या पेशी गळून जातात. तोवर जितकं पाणी जाईल तितकं भरून काढायचं, ओआरएसनं किंवा सलाइननं.