‘प्रायोगिक’ हा शब्द आला कुठून?

नाटकवाल्यांच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. अमुक नाटक प्रायोगिक की व्यावसायिक? एखाद्या नव्या नाटकाला गर्दी झाली की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मग ते प्रायोगिक कसलं?’ आणि एखादं पडलं की त्याचा निर्माता सांगतो, ‘आम्ही जरा प्रायोगिक केलं होतं.’ मला या वादात उत्तरापेक्षा तो शब्दच जास्त ओढून घेतो, म्हणून त्याच्यामागचा इतिहास इथे मांडतो आहे.

मराठीत या शब्दाची पंचाईत मुळातच आहे. आपल्याकडे नाटकाचा ‘प्रयोग’ होतो. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो की जाणकारांचं समाधान होईपर्यंत आपलं प्रयोगाचं ज्ञान पुरतं मानू नये; तिथे प्रयोग म्हणजे सादरीकरण. तोच अर्थ घेऊन आपण आजही ‘शुभारंभाचा प्रयोग’, ‘पाचशेवा प्रयोग’ असं छापतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग वेगळा. तो इंग्रजी शास्त्राच्या पाठोपाठ आला. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य रंगभूमीवरच्या ‘एक्स्पेरिमेंटल’ला मराठी प्रतिशब्द हवा होता, तेव्हा या दुसऱ्या अर्थावरून ‘प्रायोगिक’ घेतला गेला. पण पहिला अर्थ काही हटला नाही. त्यामुळे शब्दाच्या अंगाने बघितलं तर ज्याचा प्रयोग होतो ते प्रत्येक नाटक प्रायोगिकच. इतर भाषांतल्या मित्रांना हे समजावून सांगताना माझी दमछाक होते.

जुना काळ थोडक्यात. १८४३ सालचा सांगलीच्या दरबारातला खेळ, १८८०चं पुण्यातलं संगीत शाकुंतल, त्यानंतरचं संगीत नाटकांचं वैभव आणि बोलपटांनी केलेली पडझड हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली एकच गोष्ट इथे हवी. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. मूळ नाटक नॉर्वेतलं, मांडणी घरातल्या दिवाणखान्याची, पदांचा पसारा आवरलेला आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. करणारी मंडळी शिकलेली, नाटकावर पोट नसलेली. त्यांची संस्था दोन-तीन वर्षांतच थांबली. या नाटकाला तेव्हा कुणी प्रायोगिक म्हटलं नाही, ‘नवं’ म्हणाले. पण आज आपण प्रायोगिक म्हणून जे ओळखतो त्याच्या जवळजवळ सगळ्या खुणा त्यात होत्या, लवकर थांबण्यासकट.

पन्नाशीच्या दशकात राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि गावोगावच्या हौशी मंडळांना दरवर्षी नाटक बसवायला निमित्त मिळालं. तेव्हाचे शब्द दोनच होते: धंदेवाईक आणि हौशी. धंदेवाईक नट ‘नाइट’ घेणार, म्हणजे प्रयोगागणिक ठरलेले पैसे. हौशी नट बँकेतून किंवा कचेरीतून सुटून तालमीला येणार. भेद पैशाचा होता आणि तो सरळ होता. साठ साली मुंबईत विजया मेहता या तरुण दिग्दर्शिकेने आणि तिच्या सोबत्यांनी ‘रंगायन’ ही संस्था काढली तेव्हा तिसरा शब्द लागला, कारण ही मंडळी नाइट घेत नव्हती, पण स्वतःला हौशी म्हणवून घ्यायलाही तयार नव्हती. हौस म्हणजे फावल्या वेळची गोष्ट. यांना नाटकाचा अभ्यास करायचा होता, मोजके सभासद प्रेक्षक जमवून त्यांच्यापुढे एकांकिका, अनुवाद, नवे लेखक आणायचे होते. ‘प्रायोगिक’ इथे रुजला. १९६७ साली याच मंडळींनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं, तेही राज्य नाट्यस्पर्धेसाठी. म्हणजे ज्या नाटकाने हा शब्द घरोघर नेला ते हौशींच्या स्पर्धेतून आलं.

पुढे सत्तरीत संस्था फुटली. त्यातल्याच काहींनी १९७१ साली ‘आविष्कार’ ही नवी संस्था उभी केली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. इथे मला थोडं थांबू द्या. ते नाट्यगृह नव्हतंच. कायमचा रंगमंच नाही, विंगा नाहीत, वर काही उडवायला जागा नाही. चार लेव्हल्स, म्हणजे लाकडी चौथरे, ठेवावेत, खुर्च्या मांडाव्यात, प्रयोग संपला की सगळं उचलून शाळेला तिची जागा परत द्यावी. पण या अडचणीतूनच तिथली पद्धत घडली. पडदा नाही म्हटल्यावर दिग्दर्शकाला अंधाराने प्रवेश तोडायला शिकावं लागलं. नट इतका जवळ की त्याला शेवटच्या रांगेसाठी आवाज फेकायची गरज नाही, त्यामुळे अभिनयाची पट्टीच खाली आली. संस्थेने जागा एकटीसाठी ठेवली नाही. इतर संस्थांना दिली, हिंदी आणि गुजराती नाटकवाल्यांनाही दिली. खाली गल्लीत वडा खायचा आणि वर जाऊन नाटक बघायचं, असा मुंबईतल्या दोन पिढ्यांचा क्रम झाला. एखाद्या शाळेच्या नावाची चळवळ व्हावी, हे मराठीत दुसरीकडे घडलेलं मला आठवत नाही.

आणि नेमका इथेच शब्दाचा गुंता वाढला. छबिलदासला होतं ते प्रायोगिक आणि शिवाजी मंदिर नाट्यगृहात लागतं ते व्यावसायिक, अशी सोयीची वाटणी लोकांच्या डोक्यात बसली. मांडणी किंवा आशय कुणी बघेना; जागा आणि नाइट बघून शिक्का बसू लागला. त्याच दशकातली चार नाटकं घेतली तर ही वाटणी टिकत नाही.

‘सखाराम बाइंडर’ १९७२ साली व्यावसायिक रंगमंचावर आलं. तेरा प्रयोगांनंतर नाटकांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, बत्तीस काटछाटी सांगितल्या. दिग्दर्शक-निर्माता उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. त्या काळी यापेक्षा मोठी जोखीम कुठल्या प्रायोगिक संस्थेने घेतली? तरी हे नाटक प्रायोगिकच्या यादीत घालताना लोक अडखळतात, कारण ते तिकीटबारीवर चाललं.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ झालं. माणसांचीच भिंत, माणसांचाच पडदा, कीर्तन, लावणी, कोकणातले खेळे सगळं एकत्र. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पुण्यातल्या संस्थेच्या वरिष्ठांनी ते थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ साली त्यांनी वेगळी संस्था काढली आणि १९७४ मध्ये नाटक परत उभं राहिलं. थांबवण्याचा तो निर्णय चूक होता असंच मी मानतो. नाना फडणवीसांसारख्या ऐतिहासिक व्यक्तीच्या बदनामीचा आक्षेप मनापासून घेणारी माणसं होती आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. पण आक्षेपाला उत्तर द्यायचं तर ते प्रयोग करूनच देता येतं, बंद करून नाही. पुढे हेच नाटक मोठमोठ्या नाट्यगृहांत भरगच्च गर्दीत झालं, १९८० साली युरोपात गेलं. प्रयोगांचा आकडा शेकड्यांत गेल्यावर ते प्रायोगिक उरलं का? कलावंतांच्या त्याच नव्या संस्थेने १९७४ साली केलेल्या ‘महानिर्वाण’बद्दलही हाच प्रश्न येतो. मेलेला माणूस कीर्तनकार होऊन स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो, यापेक्षा वेगळी कल्पना कोणती? आणि तेही वर्षानुवर्षं चाललं.

चौथं नाटक ‘बॅरिस्टर’. साठ साली प्रायोगिकचं निशाण उभारणाऱ्या त्याच दिग्दर्शिकेने सत्तरीच्या उत्तरार्धात ते मुख्य धारेत केलं. तेव्हा ‘त्या तिकडे गेल्या’ असं बोललं गेलं. तिकडे म्हणजे कुठे? तालमीची शिस्त तीच होती आणि पात्राच्या आत शिरण्याची रीतही तीच होती. बदलली ती नाट्यगृहाची खुर्ची. ‘तिकडे गेल्या’ हा एक वाक्प्रचार मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार नुकसान करून गेला असं मला वाटतं. त्यामुळे मोठ्या रंगमंचावर झालेले धाडसी प्रयत्न प्रायोगिकच्या इतिहासात मोजले गेले नाहीत, आणि छोट्या जागेत झालेलं सामान्य नाटकही नुसत्या जागेच्या पुण्याईवर महत्त्वाचं ठरलं.

ऐंशीत ‘समांतर’ हा शब्द वापरात आला, सिनेमावाल्यांकडून उसना घेतलेला. त्याने प्रश्न सुटला नाही. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत. आपल्याकडे तर नट, लेखक, दिग्दर्शक दोन्हीकडे सतत ये-जा करत होते. ‘वाडा चिरेबंदी’ घ्या. १९८५ साली ते व्यावसायिक निर्मिती म्हणून आलं. पुढचे दोन भाग लिहून झाल्यावर १९९४ साली तिन्ही भाग सलग, जवळजवळ नऊ तासांचे, छबिलदासवाल्या संस्थेने केले. गेल्या दशकात पहिला भाग परत व्यावसायिक रंगमंचावर आला आणि चांगला चालला. संहिता तीच, देशपांड्यांचा वाडा तोच. शिक्का मात्र दोनदा बदलला.

नव्वदीच्या सुरुवातीला छबिलदासचं सभागृह सुटलं आणि प्रयोग माहीमच्या महापालिका शाळेत गेले. पुण्यात सुदर्शनसारख्या छोट्या जागा तयार झाल्या. जागा पांगल्यावर जागेवरून ओळखण्याची सोय संपायला हवी होती. तसं झालं नाही, कारण तोवर हा शब्द सरकारी कागदांत जाऊन बसला होता. नाटकांच्या अनुदानात व्यावसायिक, संगीत आणि प्रायोगिक असे वेगळे वर्ग आहेत. कीर्तनाच्या चालीवर उभं असलेलं, तिकिटावर चालणारं आणि मांडणीत नवं असं ‘महानिर्वाण’सारखं नाटक आज कुणी नव्याने लिहून आणलं, तर त्याला अर्ज भरताना यातला एकच वर्ग निवडावा लागेल.