अनायरिन बेव्हन

अनायरिन बेव्हन (१५ नोव्हेंबर १८९७ – ६ जुलै १९६०) हे वेल्समधील मजूर पक्षाचे नेते आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार. १९२९ पासून मृत्यूपर्यंत ते एब्बू व्हेल या मतदारसंघाचे खासदार होते. लोक त्यांना ‘नाय’ म्हणत.

त्यांचा जन्म दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्यात, मॉनमथशर परगण्यातील ट्रेडीगर या गावी झाला. वडील डेव्हिड खाणकामगार होते. दहा भावंडांपैकी काही लहानपणीच गेली. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि नायही टी-ट्रिस्ट खाणीत उतरले. ते लहानपणापासून तोतरे बोलत. एखाद्या अक्षरावर जीभ अडली की तिथेच झगडत न बसता ते त्याच अर्थाचा दुसरा शब्द पुढे करत. त्यासाठी शब्दांचा साठा हवा, आणि तो वाचनाशिवाय येत नाही. खाणकामगारांनी स्वतःच्या पैशांनी चालवलेल्या संस्थेचे ग्रंथालय गावातच होते. डोंगरावर एकट्याने फिरताना ते मोठ्याने कविता म्हणत, भाषणे घोकत. पुढे पार्लमेंटातल्या उत्कृष्ट वक्त्यांमध्ये त्यांची गणना झाली ती या मेहनतीमुळे.

१९१९ मध्ये कामगार संघटनेच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात गेले. दोन वर्षांनी परतल्यावर कंपनीने त्यांना कामावर घेतले नाही आणि बेकारीचे दिवस काढावे लागले. १९२५ मध्ये वडील कोळशाच्या धुळीने जडलेल्या फुप्फुसाच्या विकाराने वारले. तो आजार तेव्हा भरपाईच्या यादीतच नव्हता, त्यामुळे घरच्यांना काही मिळाले नाही. पुढच्याच वर्षीच्या सार्वत्रिक संपात आणि त्यानंतर महिनोन्‌महिने चाललेल्या खाणींच्या टाळेबंदीत बेव्हन ट्रेडीगरच्या कामगारांचे पुढारी होते. कामगारांची हार झाली. सत्ता मिळवायची तर ती पार्लमेंटातून, हे त्यांच्या मनात तेव्हा पक्के झाले. १९२८ मध्ये ते परगणा परिषदेवर आणि १९२९ मध्ये पार्लमेंटात निवडून गेले.

बेव्हन यांचे पुढचे काम समजून घ्यायचे तर ट्रेडीगरची ‘वर्कमेन्स मेडिकल एड सोसायटी’ आधी पाहावी लागते. कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला काही पेन्स कापून या संस्थेत जमा होत. त्या वर्गणीवर १९२०च्या दशकात संस्थेकडे पाच डॉक्टर, एक शल्यविशारद, दोन औषधनिर्माते, एक फिजिओथेरपिस्ट, एक दंतवैद्य आणि एक परिचारिका नोकरीला होती. १९११ च्या सरकारी विमा कायद्याने फक्त कमावत्या कामगाराला डॉक्टर मिळे, त्याच्या बायकामुलांना नाही. ट्रेडीगरच्या संस्थेत सगळ्या घराची सोय होती, आणि कारभार डॉक्टरांच्या नव्हे तर वर्गणीदारांच्या हाती होता. गावातल्या रुग्णालयाच्या समितीवर बेव्हन यांनी काम केले होते. राष्ट्रीय सेवा उभारताना, आम्ही साऱ्या देशाचे ट्रेडीगर करणार आहोत, असे ते म्हणत. लंडनच्या कार्यालयात बसून कोणी आखलेली ही कल्पना नव्हती. एका कोळसागावाने ती आधीच चालवून दाखवली होती.

खासदार म्हणून पहिली सोळा वर्षे त्यांनी मागच्या बाकांवर काढली. १९३४ मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केले. त्याही खाणकामगाराच्या कन्या, स्कॉटलंडच्या, आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी खासदार झालेल्या. फॅसिझमविरोधात सर्व डाव्यांची एकजूट मागितल्याबद्दल १९३९ मध्ये पक्षाने बेव्हन यांना काही महिने काढून टाकले. युद्धकाळात ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकाचे संपादन करताना त्यांनी चर्चिल यांच्यावर न कचरता टीका केली. जुलै १९४२ मधील अविश्वास ठरावाच्या चर्चेत ते म्हणाले, पंतप्रधान वादामागून वाद जिंकतात आणि लढाईमागून लढाई हरतात. सगळा देश चर्चिल यांच्यामागे उभा असताना हे बोलायला छाती लागते. अनेकांनी त्यांना त्याबद्दल कधी माफ केले नाही.

१९४५ मध्ये मजूर पक्षाला मोठे बहुमत मिळाले आणि पंतप्रधान ॲटली यांनी ४७ वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. मंत्रिमंडळात ते सर्वांत तरुण होते. रुग्णालये तेव्हा दोन प्रकारची होती, देणग्यांवर चालणारी आणि नगरपालिकांची. जिथे पैसा होता तिथे सोय होती आणि जिथे आजार जास्त तिथे ती तोकडी. बेव्हन यांनी सगळीच रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करायचे ठरवले. मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांनी नगरपालिकांची बाजू लावून धरली, पण निर्णय बेव्हन यांच्या बाजूने लागला. नोव्हेंबर १९४६ मध्ये कायदा मंजूर झाला.

खरी लढत डॉक्टरांशी होती. आपण सरकारी नोकर होऊ, ही ब्रिटिश मेडिकल असोसिएशनची धास्ती होती. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात दहापैकी जवळजवळ नऊ डॉक्टरांनी विरोधात कौल दिला. योजना सुरू होण्याचा दिवस जेमतेम पाच महिन्यांवर होता. बेव्हन यांनी विरोधकांमध्ये फट शोधली. मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांना खासगी रुग्ण ठेवण्याची मुभा आणि चांगला मोबदला दिला. या वाटाघाटींत रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांची त्यांना मदत झाली. घरोघरच्या डॉक्टरांना पगारी नोकर न करण्याचे आश्वासन दिले. दवाखाने विकण्याची प्रथा बंद केली आणि त्यापोटी ६ कोटी ६० लाख पौंडांची भरपाई ठरवली. तज्ज्ञांची तोंडे आपण सोन्याने भरली, हे त्यांचे म्हणून सांगितले जाणारे वाक्य या तडजोडीबद्दल आहे. समाजवादी टीकाकारांना ती बोचली. पण खासगी खाटांच्या बदल्यात देशातल्या प्रत्येक माणसाला रुग्णालय मिळत असेल, तर ती किंमत मोजणेच योग्य होते.

५ जुलै १९४८, सोमवार, या दिवशी सेवा सुरू झाली. मँचेस्टरजवळच्या पार्क रुग्णालयात बेव्हन यांचे स्वागत झाले. सेवा सुरू होताच दडून राहिलेले आजार बाहेर आले. घरखर्चाला आधी नवरा आणि मुले, म्हणून वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढलेल्या बायका डॉक्टरकडे येऊ लागल्या. दुकानातल्या ट्रेमधून एकेक चष्मा डोळ्यांवर लावून त्यातला बरा तो विकत घेणारे लोक आता डोळे तपासून घेऊ लागले. कवळ्यांची मागणी अंदाजाबाहेर गेली आणि खर्चही. आदल्याच दिवशीच्या सभेत मात्र बेव्हन यांनी टोरी (म्हणजे हुजूर) पक्षाला किड्यामुंग्यांहून नीच म्हटले होते. बेकारीच्या दिवसांतला अपमान त्यांच्या मनात धगधगत होता, हे खरे. पण हे शब्द त्यांच्या पक्षाला महागात पडले.

घरबांधणीही त्यांच्याच खात्याकडे होती. किती घरे बांधली यावर वर्ष-दोन वर्षे आपला हिशेब होईल, पण दहा वर्षांनी ती कशी बांधली हेच लोक पाहतील, असे ते सांगत. म्हणून भाड्याच्या सरकारी घरांतही खोल्या ऐसपैस हव्यात, हा आग्रह त्यांनी विटा आणि लाकूड यांच्या टंचाईतही सोडला नाही.

१९५१ च्या आरंभी ते कामगारमंत्री झाले. कोरियन युद्धामुळे शस्त्रास्त्रांवर तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरले होते. अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांनी एप्रिलच्या अंदाजपत्रकात कवळ्या आणि चष्म्यांची निम्मी किंमत रुग्णांकडून घ्यायचे ठरवले. त्यातून त्या वर्षी मिळणार होते १ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमनही बाहेर पडले. रक्कम किरकोळ होती, पण आजारी माणसापुढे गल्ला ठेवायचा की नाही हा प्रश्न बेव्हन यांच्या लेखी किरकोळ नव्हता. त्यांनी स्वतः १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग घेण्याच्या तरतुदीला, ती अमलात आली नाही तरी, मान तुकवली होती, हेही नोंदवायला हवे. एवढा शस्त्रखर्च त्या मुदतीत होऊच शकणार नाही, हे त्यांचे भाकीत मात्र खरे ठरले. चर्चिल यांच्या सरकारने ती मुदत लांबवली.

पुढची वर्षे पक्षांतर्गत भांडणांत गेली. १९५५ मध्ये नेतेपदाच्या निवडणुकीत गेट्सकेल यांना १५७ मते मिळाली, बेव्हन यांना ७०. १९५६ मध्ये इजिप्तच्या सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने केलेल्या हल्ल्याविरुद्धची त्यांची भाषणे गाजली. १९५७ मध्ये ब्राइटनच्या पक्ष परिषदेत एकतर्फी अण्वस्त्रत्यागाला त्यांनी विरोध केला, तेव्हा तो त्याग हवा असणारे त्यांचे जिवलग अनुयायी सुन्न झाले. १९५९ मध्ये ते उपनेते झाले आणि वर्षभरात कर्करोगाने गेले. त्यांच्या जागी मायकेल फूट निवडून आले.

वेल्सबद्दल त्यांची भूमिका गुंतागुंतीची होती. वडील वेल्श बोलत, पण ती भाषा मुलांकडे आली नाही. १९४४ मध्ये पार्लमेंटात पहिल्यांदा ‘वेल्स दिन’, म्हणजे वेल्सच्या प्रश्नांवरील चर्चेचा दिवस, झाला तेव्हा, वेल्समधल्या मेंढीत आणि स्कॉटलंडमधल्या मेंढीत फरक काय, असे त्यांनी विचारले. खाणकामगाराचे दुःख सीमेपलीकडेही तेच असते, ही त्यांची खात्री होती. तरीही २००४ मध्ये शंभर वेल्श वीरांसाठी झालेल्या जनमत चाचणीत लोकांनी त्यांनाच पहिले स्थान दिले.

भारताला स्वातंत्र्य देणाऱ्या मंत्रिमंडळात ते होते आणि पुढे जवाहरलाल नेहरूंशी त्यांची मैत्री होती. त्यांनी उभारलेल्या सेवेला भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी मोठा आधार दिला. स्थानिक डॉक्टर जायला तयार नसत अशा कोळसादऱ्यांतल्या दवाखान्यांत कित्येक भारतीयांनी सबंध कारकीर्द घालवली.

ट्रेडीगर, एब्बू व्हेल आणि ऱ्हिम्नी या गावांवरच्या माळावर, वॉन-इ-पाउंड येथे, चुनखडीच्या चार उभ्या शिळा आहेत. मोठी बेव्हन यांची, बाकीच्या तीन त्या गावांच्या. येथूनच अनायरिन बेव्हन आपल्या मतदारसंघातल्या लोकांशी आणि जगाशी बोलले, असे मोठ्या शिळेवर कोरले आहे.